चाकातली मोटर आणि मुरुमाचा रस्ता

विजेची मोटर थेट चाकात बसवली की गाडीचे चालणे बिघडते, हा आक्षेप वाहन-अभियांत्रिकीत इतका रुळला आहे की बहुतेक जण तो तपासून न पाहता पुढे सांगतात. चाक जड होते, जड चाक खड्ड्यात आपटते, आपटलेले चाक रस्ता सोडते, अशी ती साखळी. तिच्यात तथ्य आहे. पण हा आक्षेप जिथे जन्मला तिथले रस्ते डांबराचे आणि गुळगुळीत होते, गाड्या हलक्या चाकांच्या होत्या. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत रस्ता वेगळा, गाड्या वेगळ्या, ऊन आणि पाणीही वेगळे. आणि हब मोटर, म्हणजे चाकाच्या तुंब्यात बसवलेली ही मोटर, इथे आता नवलाईची राहिलेली नाही. चंद्रपूर, बल्लारपूर, मूल, वडसा या गावांत ज्या इलेक्ट्रिक स्कूटर फिरतात, त्यांतल्या पुष्कळांचे मागचे चाक हेच त्यांचे इंजिन आहे. म्हणून हा सगळा प्रश्न इथल्या जमिनीवर उभे राहून पुन्हा पाहायला हवा. माझे मत आधीच सांगतो. वजनाचा बाऊ गरजेपेक्षा जास्त झाला. उष्णता, पाणी आणि दुरुस्ती यांचा विचार गरजेपेक्षा फार कमी झाला. आणि या मोटरमुळे गाडी ताब्यात ठेवणे खरोखर सोपे होऊ शकते, तो फायदा ज्यांना सर्वांत जास्त हवा आहे त्यांच्यापर्यंत अजून पोचलेला नाही.

कल्पना जुनी आहे. फर्डिनांड पोर्शे या तरुण अभियंत्याने व्हिएन्नाच्या लोहनर कंपनीसाठी बनवलेली विजेची गाडी १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात मांडली गेली. तिच्या पुढच्या दोन्ही चाकांच्या तुंब्यांत मोटरी होत्या. गिअर नाही, साखळी नाही, दांडा नाही. मात्र शिसे-आम्लाच्या बॅटरीचे वजनच चारशे किलोच्या घरात होते, आणि पेट्रोल स्वस्त झाल्यावर ही वाट बंद पडली. पुढे १९७१ साली अपोलो १५ मोहिमेतून चंद्रावर जी गाडी उतरली, तिच्या चारही चाकांना पाव-पाव अश्वशक्तीची स्वतंत्र मोटर होती. एखादी मोटर दगावली तर ते चाक मोकळे सोडून उरलेल्या तिघांवर गाडी परत आणता येईल, अशी सोय तिच्यात होती. दुरुस्तीवाला जवळपास नसलेल्या जागी गाडी पाठवायची तर काय विचार करावा लागतो, हे त्या सोयीवरून कळते. भामरागड किंवा सिरोंचाकडे नेण्याच्या गाडीलाही तोच विचार लागू पडतो.

आता वजनाचे. कोणत्याही गाडीच्या वजनाचे दोन हिस्से असतात. स्प्रिंगच्या वरचा हिस्सा म्हणजे सांगाडा, इंजिन किंवा बॅटरी, माणसे, सामान. स्प्रिंगखालचा हिस्सा म्हणजे चाक, टायर, ब्रेक आणि अॅक्सलचा काही भाग. वरच्या हिश्श्याने शांत राहावे आणि खालच्याने रस्त्याच्या प्रत्येक उंचसखलपणाबरोबर वरखाली व्हावे, ही शॉकअपकडून अपेक्षा असते. खालचा हिस्सा जड झाला की तो वर उचलायला आणि परत खाली आणायला जास्त जोर लागतो. तेवढा वेळ टायर जमिनीवर नीट दाबलेला नसतो, आणि दाब नाही तर पकड नाही. वळणे, थांबणे, वेग घेणे ही तिन्ही कामे त्या तळहाताएवढ्या टेकलेल्या रबरावर चालतात.

आकड्यांत पाहू. साध्या मोटारगाडीच्या एका कोपऱ्यात स्प्रिंगखाली ४० किलो वजन धरले आणि टायरचा ताठपणा दर मिलिमीटरला २०० न्यूटन धरला, तर ते चाक सेकंदाला सुमारे १२ वेळा या आपल्या स्वाभाविक चालीने थरथरते. त्यात ३० किलोची मोटर घातली की ही चाल ९ वर उतरते. मोटारगाडीसाठी बनलेल्या चाकातल्या मोटरी साधारण याच वजनाच्या असतात. इंग्लंडच्या प्रोटियन कंपनीची अशी एक मोटर सुमारे ३५ किलोची आहे आणि एकट्या चाकाला हजार न्यूटन-मीटरहून अधिक पिळा (टॉर्क) देते. याच कंपनीसाठी लोटसच्या अभियंत्यांनी २०१०च्या सुमारास एका फोर्ड फोकस गाडीच्या प्रत्येक चाकाला तीस-तीस किलोचे वजन बांधून चाचण्या केल्या. निष्कर्ष असा निघाला की फरक मोजता येतो, निष्णात चालकाला जाणवतोही, पण शॉकअप आणि रबरी बुश यांची जुळणी बदलून तो बराचसा भरून काढता येतो. सामान्य चालकाच्या लक्षातही तो येईल असे नाही. हे काम मोटर विकणाऱ्या कंपनीसाठी झालेले आहे, हे ध्यानात ठेवूनच ते वाचावे. तरी त्यातली मोजमापे मला पटतात, कारण गणिताशी ती जुळतात.

पण ती चाचणी चांगल्या रस्त्यांवरची. आपल्याकडचा मुरुमाचा रस्ता पावसाळा सरून महिना-दोन महिने वाहतूक झाली की आडव्या लाटांनी भरतो, पन्हाळी पत्रा अंथरल्यासारखा. एका लाटेपासून दुसऱ्या लाटेपर्यंत अर्धा ते एक मीटर अंतर असते. पाऊण मीटर धरू. ताशी ३० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीला मग सेकंदाला ११ लाटा लागतात, म्हणजे साध्या चाकाच्या स्वाभाविक चालीच्या अगदी जवळ. म्हणूनच तिशीच्या आसपास गाडी सर्वांत जास्त थरथरते, आणि अनुभवी ड्रायव्हर एक तर विसावर येतो किंवा सरळ पन्नासवर नेतो. चाकात मोटर असेल तर हा वाईट वेग तिशीवरून चोविशीच्या आसपास उतरेल. थरथर जाणार नाही, तिची जागा बदलेल. खराब रस्त्यावर एरवी जो वेग माणूस सावधपणे धरतो, नेमका तोच आता त्रासाचा होईल. शिवाय चाक जड, म्हणून त्याच शॉकअपला ते आवरायला अधिक वेळ लागेल. असल्या रस्त्यावर वळण आले तर मागचे चाक बाहेर सरकण्याचा धोका खरा आहे. त्यामुळे आक्षेप खोटा नाही. प्रश्न एवढाच की आपण त्याची तुलना कशाशी करतो.

तुलना करायची तर इथल्या गाड्यांशी करावी. गडचिरोलीच्या आतल्या भागात माणसे नेणारी गाडी म्हणजे बोलेरो नाहीतर काळी-पिवळी. ताडोबाच्या जंगलात पर्यटक नेणारी गाडी म्हणजे वर्षानुवर्षे मारुतीची जिप्सी. बोलेरोचा मागचा अॅक्सल एकसंध, पाट्यांवर बसवलेला. जिप्सीचे तर पुढचे-मागचे दोन्ही तसेच. डिफरन्शिअल, अॅक्सलची नळी, ब्रेकचे ड्रम, दोन चाके हे सगळे स्प्रिंगखालचे वजन. अंदाजे सव्वाशे ते दीडशे किलो एका अॅक्सलला सहज भरते. आणि एक चाक धोंड्यावर चढले की दुसरेही कलते, कारण दोघे एकाच दांड्याला बांधलेले. आता स्वतंत्र झुल्यावरची दोन चाके घ्या, प्रत्येकी ४० किलोची, आणि प्रत्येकात ३० किलोची मोटर घाला. बेरीज १४० किलो. म्हणजे ज्या वजनाने परदेशी अभियंते बिचकतात, तेवढेच वजन आपल्या खेड्यांतल्या गाड्या कित्येक वर्षे घेऊन धावत आहेत. वर प्रत्येक चाक आपापले वरखाली होणार, हा फायदाच. रिकामी बोलेरो खडबडीत रस्त्यावर मागून कशी उडते, हे ज्याने पाहिले आहे त्याला स्प्रिंगखालच्या वजनाचा धडा वेगळा द्यावा लागत नाही.

स्कूटरची गोष्ट याहून बोलकी आहे. पेट्रोलच्या स्कूटरमध्ये इंजिन सांगाड्याला घट्ट बसवलेले नसते. इंजिन, त्याचा गिअर किंवा पट्टा आणि मागचे चाक असे मिळून एकच अंग असते, ते पुढच्या टोकाला खिळीवर झुलते आणि मागे शॉकअपवर टेकते. जुनी बजाज चेतक घ्या किंवा आजची अॅक्टिव्हा, दोन्हींची घडण हीच. म्हणजे ३० किलोचे इंजिन अर्धवट का होईना, स्प्रिंगखालीच. अर्धवट म्हणण्याचे कारण असे की त्याचा भार खिळी आणि चाक यांच्या मधोमध कुठेतरी असतो. मधोमध असलेल्या वजनाचा चाकापाशी जाणवणारा जडपणा साधारण चौथा हिस्सा किंवा थोडा अधिक, म्हणजे आठ-दहा किलो. हब मोटर मात्र बरोबर चाकाच्या कण्यावर बसते, तिचा प्रत्येक किलो पुरता मोजला जातो. स्कूटरची चांगली हब मोटर दहा-बारा किलोची धरली तर दोन्ही आकडे शेजारी शेजारी येतात. पेट्रोल स्कूटर सोडून हब मोटरची स्कूटर घेणाऱ्याला मागच्या चाकात मोठा फरक का जाणवत नाही, याचे उत्तर या हिशेबात आहे. जाणवतो तो फरक बहुधा स्वस्त शॉकअपचा आणि बॅटरीच्या जागेचा असतो.

बाजारात दोन्ही घडणींच्या स्कूटर आहेत. टीव्हीएसची आयक्यूब २०२० साली आली, तिची मोटर मागच्या चाकात. त्याच वर्षी पुण्याच्या बजाजने चेतक हे जुने नाव देऊन विजेची स्कूटर विकायला काढली, तिची मोटर चाकाबाहेर झुलत्या हातावर बसवून गिअरने चाकाशी जोडली. एथरने मोटर पुढे, मध्यभागी ठेवून पट्ट्याने शक्ती मागे नेली. शहरातल्या डांबरी वळणावर एथरसारखी घडण जास्त चपळ वाटते, हे मी मान्य करतो. वजन मधोमध आले की हँडल हलके फिरते आणि मागचे चाक रस्त्याला चिकटून राहते. पण पट्टा म्हटले की त्याचा ताण, त्यात अडकणारी गिट्टी, वेळोवेळी बदलणे हे सगळे आले. हब मोटरमध्ये झिजणाऱ्या वस्तू दोनच, बेअरिंग आणि टायर. धानाचे पोते पायाशी, मागे माणूस, आणि शेताच्या धुऱ्यावरून पांदणीत उतरायचे, अशा वापराला हा साधेपणा मोलाचा आहे.

आता चढ. जिवती तालुका माणिकगडाच्या डोंगरावर वसलेला, गडचांदूरकडून वर जाताना घाट लागतो. समजा स्कूटर आणि दोन माणसे मिळून २५० किलो, आणि चढ दहाला एक. नुसते वर ओढायला २४५ न्यूटन जोर लागतो. चाकाची त्रिज्या पाव मीटर धरली तर चाकावर सुमारे ६० न्यूटन-मीटर पिळा हवा. आयक्यूबसारख्या मोटरला ते झेपते. पण ताशी २० किलोमीटरने चढायचे तर साडेतेराशे वॅटच्या आसपास शक्ती सतत लागते. आणि आपल्या गावांत ज्या स्वस्त स्कूटर लायसन्स आणि नंबरप्लेटशिवाय विकल्या जातात, त्यांना नियमानुसार २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटर ही मर्यादा आहे. पाचपट काम अडीचशे वॅटच्या मोटरवर पडते. मग ती रांगत चढते, आणि रांगताना घेतलेल्या विजेचा मोठा भाग तांब्याच्या वेटोळ्यांत उष्णता होऊन जातो. गिअर नसलेल्या हब मोटरचे हे मूळ दुखणे आहे. ती चाकाच्याच गतीने फिरते, म्हणून कमी वेगात जास्त पिळा मागितला की तापते.

आणि ती उष्णता जाणार कुठे? बहुतेक हब मोटरींत तांब्याची वेटोळी आत स्थिर कण्यावर असतात, लोहचुंबक बाहेरच्या फिरत्या कवचाला चिकटवलेले असतात, दोहोंत एक मिलिमीटरहून कमी फट. आतली उष्णता त्या फटीतली हवा ओलांडून कवचाला मिळाली तरच बाहेर पडते. बाहेर चंद्रपूरचा मे महिना, पारा ४७ अंशांच्या आसपास, खाली तापलेले डांबर. साध्या प्रतीचे निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या पुढे कमजोर पडू लागतात. चांगल्या प्रतीचे दीडशे अंशांपर्यंत टिकतात, पण ते महाग. मोटर तापली की तिला वीज सोडणारा कंट्रोलर आपण होऊन शक्ती कमी करतो. ते योग्यच, पण घाटाच्या मध्यावर, मागे ट्रक असताना, स्कूटरने अचानक ओढ सोडणे हाही गाडीच्या ताब्याचाच प्रश्न आहे. आढाव्यांत तो क्वचितच येतो. ड्रमचा ब्रेक त्याच तुंब्यात बसवला असेल तर उतारावरची ब्रेकची उष्णताही मोटरच्या वाट्याला येते.

पाण्याचा त्रास याहून मोठा. गडचिरोलीत पावसाळ्यात रपट्यावरून पाणी वाहू लागते. पर्लकोटा नदी फुगली की भामरागडचा संपर्क तुटतो, ही दरवर्षीची बातमी. पूर ओसरला आणि रपट्यावर वीतभर पाणी उरले की लोक गाड्या घालतात, घालाव्याच लागतात. इथे हब मोटरची घडण तिच्या विरोधात जाते. तापलेली मोटर थंड पाण्यात बुडाली की आतली हवा आकसते आणि सीलमधून किंवा कण्यातल्या पोकळीतून आत येणाऱ्या तारांच्या वाटेने पाणी आत ओढून घेते. एकदा आत गेलेले पाणी बाहेर पडायला वाट नसते.

अशी मोटर उघडलेली मी मूलच्या एका गॅरेजात पाहिली. बाजूच्या झाकणाचे स्क्रू काढले तरी कवच हलेना, चुंबकांची ओढच तेवढी. शेवटी पुलर लावून ते ओढून काढले. आत कवचाच्या कडेला तांबूस चिखलाची रेघ, चुंबकांच्या काठांवर गंजाचे फोड, आणि वेटोळ्यांच्या शेजारी मसुरीच्या दाण्याएवढे तीन हॉल सेन्सर, त्यांतल्या एकाचा पाय कुजून तुटलेला. चाक या क्षणी कुठल्या अवस्थेत आहे हे कंट्रोलरला सांगणारे हेच तिघे. एक गप्प झाला की कंट्रोलर अंदाजाने वीज सोडतो आणि चाक झटके देत फिरते. सरळ कोरड्या रस्त्यावर झटका नुसता त्रासाचा असतो. ओल्या मुरुमावर, वळणात, एका बाजूला कललेल्या स्कूटरचे मागचे चाक झटका खाते तेव्हा ती आडवी होते. सेन्सर बदलायला फार पैसे लागत नाहीत. तो बदलू शकणारा माणूस मात्र तालुक्याच्या गावी मिळेलच असे नाही.

पंक्चरचेही तसेच. ट्यूबलेस टायरमुळे बरेच भागते. पण टायर उतरवायचाच झाला तर हब मोटरचे चाक काढणे म्हणजे मोटर काढणे. जाड तारांचा कनेक्टर सोडायचा, कण्याचे नट काढायचे, आणि परत बसवताना कण्याच्या चपट्या बाजू झुलत्या हाताच्या खाचेत नेमक्या बसवून खास वॉशरसह नट पुरेसे घट्ट करायचे. कारण चाकाला पुढे ढकलणारा जेवढा पिळा, तेवढाच उलटा पिळा त्या कण्यावर असतो. नट सैल राहिला तर कणाच खाचेत फिरतो आणि तारा पिळवटून तुटतात. पंक्चरवाल्याने हे शिकले पाहिजे आणि शिकवणाऱ्याने त्याच्यापर्यंत गेले पाहिजे. खड्ड्यात रिम वाकली तर तीही गोष्ट साध्या चाकासारखी नाही. रिम कवचाशी एकसंध ओतलेली असते, आणि आतली फट एका मिलिमीटरहून कमी आहे.

इतके दोष सांगितल्यावर गुणांकडे यायला हवे, कारण गुण मोठा आहे. टोकियो विद्यापीठात योइची होरी यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून चार चाकांत चार मोटरी बसवलेल्या गाड्यांवर काम केले. त्यांचे म्हणणे सरळ आहे. मोटरचा पिळा हजारांश सेकंदांत बदलता येतो, इंजिन किंवा तेलाच्या दाबावरचा ब्रेक एवढे चपळ नसतात. मोटर चाकाला किती जोर देते हे तिच्या विजेवरून नेमके कळते, म्हणून चाक घसरू लागताच ते ओळखता येते. आणि प्रत्येक चाकाला वेगळा जोर देता येतो. यातली शेवटची गोष्ट थेट वळणाशी निगडित आहे. दीड मीटर रुंद गाडीच्या उजव्या चाकाला ५०० न्यूटन पुढे आणि डाव्या चाकाला तेवढेच मागे ओढले तर गाडीवर ७५० न्यूटन-मीटरचा वळवणारा जोर येतो, स्टिअरिंगला हात न लावता. गाडी वळणात बाहेर फेकली जात असेल तर तो जोर तिला आत घेतो, शेपूट फिरू लागली तर सरळ करतो. धानाच्या पट्ट्यातल्या ओल्या काळ्या मातीत एक चाक रुतले की डिफरन्शिअलची साधी गाडी सगळी शक्ती त्या गरागरा फिरणाऱ्या चाकाला देऊन बसते. दोन स्वतंत्र मोटरींच्या गाडीत रुतलेल्या चाकाची वीज कमी करून कोरड्या चाकाला देता येते. गडचिरोलीच्या आरोग्य केंद्राच्या गाडीला या गुणाची जितकी गरज आहे तितकी कुठल्याही महामार्गावरच्या आलिशान गाडीला नाही.

त्याची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. वेगात असताना एका बाजूची मोटर बिघडून उलटी ओढू लागली तर तोच वळवणारा जोर शत्रू होतो. एका चाकावर हजार न्यूटन-मीटरचा चुकीचा पिळा म्हणजे गाडीला अडीच हजार न्यूटन-मीटरचा हिसका. सहा पदरी रस्त्यावर चालकाला सावरायला जागा असते. आलापल्ली-भामरागड रस्त्यावर डांबराच्या कडेला साइडपट्टी खचलेली आणि पुढे लगेच सागाचे झाड. म्हणून एक मोटर गेली की दुसऱ्या बाजूची तत्क्षणी सोडून देणारी व्यवस्था आणि मोटरच्या आतच दोन-तीन स्वतंत्र विभाग, या गोष्टी इथे ऐच्छिक म्हणून चालणार नाहीत.

अवजड गाड्यांनी हा मार्ग केव्हाच धरला आहे. मोठ्या खुल्या खाणींतले शंभर-दीडशे टनांच्या पुढचे बरेच डंपर डिझेलवर वीज करून ती मागच्या चाकांतल्या मोटरींना देतात. उतारावर त्याच मोटरी उलट्या वापरून वेग आवरतात, ब्रेकचे लायनर झिजत नाहीत. तिथे स्प्रिंगखालच्या वजनाची तक्रार कोणी करत नाही, कारण चाकाचे वजन एकूण भारापुढे क्षुल्लक असते. चंद्रपूरच्या कोळसा खाणींतले बरेचसे डंपर याहून लहान आणि गिअरचे आहेत. सुरजागडचे लोहखनिज मात्र डोंगरावरून खाली येते, म्हणजे गाडी भरलेली उतरते आणि रिकामी चढते. विजेच्या गाडीसाठी याहून सोयीची वाट नाही, कारण उतरताना भरलेल्या गाडीची ओढ बॅटरीत परत साठवता येते. आलापल्ली-आष्टी रस्त्याची खनिजाच्या ट्रकांनी काय दैना केली, हे त्या भागात राहणारे जाणतात. ब्रेक निकामी होण्याची भीती कमी करणारी कोणतीही रचना तिथे स्वागतार्ह ठरेल. बसमध्ये चीनच्या बीवायडीने के-९ या गाडीत मागच्या अॅक्सलच्या दोन्ही टोकांना, चाकांना लागून मोटरी बसवल्या. मधला डिफरन्शिअल गेल्याने बसचा तळ सपाट आणि खाली आला. २०१९ पासून पुण्याच्या पीएमपीच्या ताफ्यात आलेल्या ऑलेक्ट्राच्या बस याच कंपनीच्या तंत्रातून आल्या.

मोटारगाड्यांत मात्र यश हुलकावणी देत राहिले. अमेरिकेच्या लॉर्ड्सटाउनने चार चाकांत चार मोटरींचा पिकअप ट्रक २०२२ साली बनवायला घेतला आणि २०२३च्या जूनमध्ये दिवाळे काढले. नेदरलँड्सच्या लाइटइयरची सौरगाडीही त्याच सुमाराला थांबली. दोन्ही ठिकाणी पैसा आणि उत्पादन आड आले. गाडीच्या चालण्याबद्दलचा मूळ प्रश्न तसाच अर्धवट राहिला. आता रेनोने मागच्या दोन चाकांत मोटरी असलेली मोजक्या संख्येची वेगवान गाडी जाहीर केली आहे. ती आपल्या विषयाच्या फार उपयोगाची नाही.

आपल्या उपयोगाची गोष्ट चाचणीची आहे. देशातल्या गाड्यांना प्रमाणपत्र देणारी एआरएआय ही संस्था पुण्यात १९६६ पासून आहे. तिच्याकडे उपकरणे आहेत, माणसे आहेत. लाटांचा मुरुमी रस्ता, रपट्यावरचे थंड पाणी, मे महिन्यातला चढ, ही तीन दृश्ये एकापाठोपाठ एक गाडीला दाखवणारी चाचणी तिने बांधावी. मोटर तापवायची, लगेच बुडवायची, पुन्हा चढावर न्यायची, आणि हे महिनाभर करून मग वळणात मागच्या चाकाची पकड मोजायची. चंद्रपूरला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आहे. इथल्या रस्त्यांच्या लाटा आणि खड्डे मोजून त्यांचा नकाशा करणे हे काम त्यांच्या आवाक्यातले आहे आणि त्याला खर्चही बेताचाच लागेल.

आणि एक वाहन आहे, जिकडे या सगळ्या संशोधनातले कोणी फारसे पाहत नाही. अपंग माणसाची बॅटरीवरची तीनचाकी. वरोऱ्याच्या आनंदवनात तीनचाकी हे रोजचे साधन आहे, आणि दोन्ही जिल्ह्यांच्या गावागावांत सरकारी योजनांतून मिळालेल्या तीनचाकी दिसतात. अशा अनेक तीनचाकींत हब मोटर पुढच्या एकाच चाकात असते, कारण ते सोपे आणि स्वस्त. माणसाचे वजन मात्र मागच्या दोन चाकांवर. चढ लागला की भार आणखी मागे सरकतो, पुढचे चाक हलके होते आणि मुरुमावर जागच्या जागी फिरत राहते. रपट्याच्या काठचा तो दोन-तीन मीटरचा चढ मग कोणीतरी मागून ढकलल्याशिवाय पार होत नाही. मोटर जड असल्याने हँडलही जड, आणि चालवणाऱ्याच्या हातांतच ताकद कमी असेल तर तो भार जास्तच.

हीच शक्ती दोन मोटरींत विभागून मागच्या दोन चाकांत घातली तर भार जिथे आहे तिथेच ओढ मिळेल. वळताना आतले चाक सावकाश आणि बाहेरचे भरभर फिरवायचे काम कंट्रोलर करील, त्याला हँडलच्या कोनाची माहिती देणारा एक साधा सेन्सर पुरतो. हँडल हलके होईल, कारण वळवण्याचा काही जोर चाकेच देतील. इथे वेग ताशी दहा-बारा किलोमीटर, त्यामुळे मोटर बिघडल्याचा हिसकाही सावरता येण्यासारखा. स्प्रिंगखालच्या वजनाचा वाद इथे उद्भवतच नाही, कारण बहुतेक तीनचाकींना मागे स्प्रिंगच नसते. खर्च वाढतो तो एका जास्तीच्या मोटरचा, एका कंट्रोलरचा आणि चांगल्या सीलचा. तीनचाकी पुरवण्याच्या निविदेत मोटर किती वॅटची हवी ते लिहिलेले असते. मोटर कोणत्या चाकात हवी आणि भरलेली गाडी मुरुमाच्या किती चढावर कोणाच्या मदतीशिवाय गेली पाहिजे, हे दोन रकानेही त्यात आले पाहिजेत.